पोचल्याचा निरोप, नेट नसताना

हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही निरोपाविषयी बोलणार आहोत. आपण प्रवासाला निघालो, फोनमधलं नेट संपलं, तर घरी निरोप कसा पोचवायचा?

विषय साधा वाटेल, पण आम्हाला तो चांगलाच महागात पडला होता. आमच्या गटातल्या नऊ जणी सातारा जिल्ह्यातून नवी मुंबईला, वाशीच्या प्रदर्शनाला निघालो. सोबत शेंगदाण्याची चटणी, सांडगे, पापड. रात्रीची एसटी होती. आमच्यातल्या एका काकूंचा नातू सोबत होता. त्यानं रस्ताभर काकूंच्या फोनवर व्हिडिओ पाहिले आणि दिवसाचं नेट संपवलं. पहाटे गाडी कळंबोली, खारघर, बेलापूर करत पुढे आली. नेरूळला गाडी थांबली तेव्हा काकूंना वाटलं, वाशी आलं. नातवाला घेऊन त्या उतरल्या. आम्ही पुढच्या बाकांवर पेंगत होतो, आम्हाला पत्ता नाही.

काकू घाबरल्या नाहीत. त्यांनी व्हॉट्सअॅपवर लिहिलं, "आम्ही उतरलोय, थांबा." तोच निरोप घरीही पाठवला आणि फोन पिशवीत तळाशी ठेवून दिला. पण तो निरोप गेलाच नव्हता! इकडे आम्ही वाशीला शोधतोय, फोन लावतोय. पिशवीतल्या फोनची रिंग हायवेच्या आवाजात काकूंना ऐकू येईना. शेवटी आम्ही घाबरून त्यांच्या घरी फोन केला, तिथे तर रडारडच सुरू झाली. दोन तासांनी रिक्षानं काकू आल्या, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

खरं नुकसान पुढे झालं. काकूंच्या घरून सांगणं आलं, "आता पुरे झाली प्रदर्शनं." वर्षभर काकू कुठे बाहेर पडल्या नाहीत. त्यांच्या हातच्या चटणीला गिऱ्हाईक होतं, पण चटणीही घरी आणि काकूही घरी. आपल्याला बाहेर पडू देणं हे अजून कितीतरी घरांत 'पोचले' या एका शब्दावर अवलंबून असतं. ते बरोबर आहे का, यावर एकदा वेगळं बोलू. पण तोवर तो शब्द पोचला पाहिजे.

आता मुद्द्याचं. व्हॉट्सअॅपचा निरोप नेटवरून जातो. नेट नसेल तर निरोपाशेजारी छोटं घड्याळ दिसतं. घड्याळ दिसतंय म्हणजे निरोप अजून आपल्याच फोनमध्ये आहे. एक टिक म्हणजे आपल्याकडून गेला. दोन टिक म्हणजे समोरच्याच्या फोनमध्ये पोचला. काकूंना घड्याळ दिसलं होतं. त्यांना वाटलं, ती वेळ दाखवतंय.

मग नेट नसताना काय? पहिला उपाय आपल्या फोनमध्येच आहे, साधा एसएमएस. जगातला पहिला एसएमएस 3 डिसेंबर 1992 ला इंग्लंडमध्ये गेला. तेव्हापासून ही सोय आहे आणि साध्या बटणाच्या फोनवरही चालते. एसएमएसला नेट लागत नाही, रेंज लागते, तीही थोडी पुरते. खंडाळ्याच्या घाटात बोलणं तुटतं, पण रेंजची एक काडी आली की एसएमएस निघून जातो. समोरचा फोन बंद असेल तर निरोप कंपनीकडे थांबतो आणि फोन चालू झाला की मिळतो. शेतात असलेल्या माणसाला फोन ऐकू आला नाही, तरी निरोप वाचायला मिळतो.

यात एक मेख आहे. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं बसतात. आपल्या मराठी अक्षरांत बहुतेक फोनवर 70 च बसतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, मोकळी जागा हे सगळं वेगळं मोजलं जातं. त्याहून लांब लिहिलं की एकाचे दोन एसएमएस धरले जातात. म्हणून थोडक्यात लिहा: "वाशीला पोचले. सगळ्या सोबत. रात्री 8 ला फोन करते." हे 70 च्या आत बसतं. ख्यालीखुशाली रात्री बोलू.

"एसएमएसला पैसे पडतात ना?" असं काही जणी विचारतील. आपल्या रिचार्जमध्ये किती एसएमएस आहेत ते दुकानदाराला विचारून घ्या. बऱ्याच रिचार्जमध्ये ते असतात, आपण वापरत नाही एवढंच. आणि ज्यांना नेट लागतच नाही, त्यांनी हे ऐका. डिसेंबर 2024 मध्ये ट्राय या सरकारी संस्थेनं कंपन्यांना सांगितलं, की फक्त बोलणं आणि एसएमएस असलेलं रिचार्जही ठेवा. जानेवारी 2025 पासून अशी रिचार्ज मिळू लागली. दुकानात आपणहून मागा.

दुसरी गोष्ट. फोन कंपन्यांच्या हिशेबात नवी मुंबई ही मुंबईच्या विभागात येते, आणि आपलं गाव महाराष्ट्राच्या. म्हणून तिकडे गेलं की काही फोनवर वर इंग्रजी 'आर' दिसतो, म्हणजे रोमिंग. घाबरू नका, देशात फिरताना आलेल्या एसएमएसला पैसे पडत नाहीत. पण सेटिंगमध्ये डेटा रोमिंग बंद असेल, तर पॅक असूनही नेट चालणार नाही. निघण्याआधी मुलांकडून बघून घ्या.

तिसरा उपाय रेल्वे स्थानकावरचं वायफाय. जानेवारी 2016 मध्ये मुंबई सेंट्रलला ते सुरू झालं आणि आता देशातल्या सहा हजारांहून जास्त स्थानकांवर आहे. फोनच्या वायफायमध्ये 'रेलवायर' नाव दिसलं तर ते निवडा, आपला नंबर टाका, एसएमएसनं ओटीपी येईल तो भरा. दिवसातला पहिला अर्धा तास फुकट. हे फलाटावर चालतं, धावत्या लोकलमध्ये नाही. आणि एक गाठ मारून ठेवा: असल्या वायफायवर बँकेचं काम, पैसे पाठवणं करायचं नाही. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, मदतीला आलेल्यालाही नाही.

चौथा उपाय आपलाच जुना, मिस्कॉल. एक रिंग म्हणजे पोचले, दोन म्हणजे उशीर होतोय. आधी ठरवलेलं असलं, की पुरतं.

आमच्या भागातली कितीतरी माणसं वाशीच्या बाजारात माथाडी म्हणून राबली, कोपरखैरणे-घणसोलीत राहिली. त्यांच्या खुशालीसाठी आपल्या सासवांनी पोस्टमनची वाट पाहिली. तार आली की घरात धस्स व्हायचं. ती तारही जुलै 2013 मध्ये बंद झाली. तेव्हा बाया घरी वाट बघत होत्या. आता आपण प्रवासाला निघतो आणि घर वाट बघतं. एवढा बदल झालाय, तो टिकवूया.

आमच्या गटानं आता नियम केलाय. निघताना प्रत्येकीकडे दोन नंबर कागदावर लिहिलेले. फोन पिशवीत नाही, गळ्यातल्या बटव्यात. उतरण्याआधी कंडक्टरला विचारायचं आणि शेजारणीला उठवायचं. उतरल्यावर एक एसएमएस घरी, एक गटाच्या अध्यक्षताईंना. अडचण आलीच तर 112 ला फोन, तो फुकट आहे.

काकू यंदा पुन्हा आमच्यासोबत आल्या. वाशीला पाय टेकवल्याबरोबर त्यांनी एसएमएस केला. घरून उत्तर आलं, "बरं. चटणी संपवून या." चटणी दुसऱ्याच दिवशी संपली.

पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीनं शेजारणीला एक एसएमएस पाठवायचा. जिला जमत नाही तिला तिथंच शिकवायचं. तोवर रजा घेतो. नमस्कार.