जास्वंदीचे गोत्र

काशीतील दुर्गाकुंडावरच्या तांबड्या मंदिराबाहेर झेंडूच्या राशींशेजारी एक लाल फूल हटकून दिसते. तेथील बोलीत ते अडहुल, हिंदीत गुडहल, संस्कृतात जपा आणि ब्रह्मघाट-दुर्गाघाट परिसरातील मराठी घरांत जास्वंद. देवीला ते प्रिय, गणपतीलाही प्रिय. नवग्रहस्तोत्रात सूर्याच्या वर्णाला उपमा मिळाली तीही त्याचीच. याच नगरीत पिढ्यान्पिढ्या वेदान्ताचे पाठ चालले, आणि शुभ्र स्फटिकाजवळ जास्वंदीचे फूल ठेवले की स्फटिक तांबडा भासतो, हा दृष्टान्त विद्यार्थ्यांनी घोकला. स्फटिकाचा खरा वर्ण कोणता, याचा ऊहापोह पुष्कळ झाला. फुलाचे खरे कूळ कोणते, हे विचारावयाचे मात्र राहून गेले.

वनस्पतिशास्त्राने तो प्रश्न विचारला, तेव्हा उत्तर मोठे चमत्कारिक निघाले. लिनियसने १७५३ साली या सदाहरित झुडपाला ‘चिनी गुलाब’ अशा अर्थाचे नाव दिले खरे. पण त्याचे रानटी रूप चीनमध्ये किंवा भारतात निश्चितपणे आढळलेले नाही. प्रशांत महासागरातील बेटांवरच्या दोन जातींच्या संकरातून ते जन्मले असावे, असे अलीकडच्या काही अभ्यासकांचे मत आहे. आपल्याकडे त्याला बी क्वचितच धरते. कोणीतरी एक फांदी तोडावी आणि दुसऱ्या कोणाच्या अंगणात ती खोचावी, एवढ्यावरच त्याचा वंश शतकानुशतके चालला. पूजेच्या तबकातील इतके जुने फूल संकराचे अपत्य ठरावे, हे कुलशुद्धीचा अभिमान बाळगणाऱ्यांना थोडे अडचणीचेच आहे!

मनुष्याने हेतुपुरस्सर केलेला संकर मात्र पुष्कळ अलीकडचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मॉरिशसमध्ये चार्ल्स टेलफेअर याने तेथील एका स्थानिक जातीशी जास्वंदीचा संयोग घडविला. पुढे पूर्व आफ्रिकेतील, झिरमिळ्यांसारख्या पाकळ्यांची लोंबती जात उपयोगात आली. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी हवाई बेटांवर तर या संकराचे वेडच लागले. भारतात बंगळूरनजीक हेसरघट्टा येथील बागवानी संशोधन संस्थेने या कामात लक्ष घातले.

कृती ऐकावयास सोपी आहे. फुलाच्या मध्यातून निघालेल्या दांड्यावर परागकोश असतात आणि त्याच्या टोकाशी पाच मखमली ठिपके. सकाळी एका झाडाचा पिवळा पराग दुसऱ्याच्या त्या ठिपक्यांवर लावावा, देठाला चिठ्ठी बांधावी आणि वाट पाहावी. बोंड धरलेच तर ते पिकावयास दोन-तीन महिने लागतात. बी रुजून पहिले फूल दिसेपर्यंत वर्ष उलटून जाते, आणि एकाच बोंडातील दोन रोपे सारखी निघतील याचा भरवसा नाही. बहुतेक रोपे टाकून द्यावी लागतात. एखाद्यात मात्र केशरी कडा, जांभळट राखी छटा, वीतभर रुंदीचे फूल असा काही अपूर्व योग जुळतो, आणि साध्या जास्वंदीचे फूल संध्याकाळी मिटते तेथे हे दुसऱ्या दिवशीही टवटवीत राहू शकते.

हे सौंदर्य नाजूक असते. काशीचा पौष-माघ कडक. गंगेवरून धुके उठते, ऊन दिवस दिवस दिसत नाही. अशा दिवसांत संकरित झाडे कळ्या गाळतात, मुळे कुजून मरतातही. म्हणून माळी त्यांना जुन्या लाल जास्वंदीच्या खुंटावर कलम करतो. पाय जुन्याचे, शिरावर फूल नव्याचे. कलमाच्या सांध्याखालून खुंटाला फुटवा आला, तर तो तत्काळ खुडावा असे बागकामाचे शास्त्र सांगते, कारण तो जोमदार असतो आणि वरच्या नाजूक फांदीचा रस तोडतो. घाटावरच्या घरातील गृहिणीचे मत निराळे असू शकते. फुटव्याला येणारे पाच पाकळ्यांचे लाल फूल तिला गणपतीसाठी हवे असते; वरचे राखी-जांभळे देवाला चालते की नाही, याविषयी तिची खात्री नसते. ती फुटवा राखते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत कलम सुकून कुंडीत पुन्हा जुनी जास्वंदच उभी राहते.