निगा राखणाऱ्यांचा संघ
(वार्षिक संमेलनातील भाषण)



विद्यापीठ म्हटले की प्राध्यापक, ग्रंथालय आणि पदवीदान समारंभ आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. ज्यांच्या श्रमामुळे तेथे दिवे लागतात, पाणी चढते आणि पावसाळ्यात छप्पर गळत नाही, त्यांचे स्मरण मात्र काही बिघडल्यावरच होते. आपल्या घरचे तरुणही असे काम करीत असतील. म्हणून या व्यवसायास संघटनेने काय दिले, ते आज सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

अमेरिकेतील विद्यापीठांच्या इमारती व आवारे सांभाळणारे अधीक्षक १९१४ साली एकत्र आले. त्यांनी स्थापिलेली संस्था आज 'ॲपा' या नावाने ओळखली जाते. सभासदत्व मुख्यत्वे विद्यापीठे घेतात. परंतु फळ पदरी पडते ते तिच्या वर्गांना व समित्यांना जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या.

पहिले फळ समान मोजमापाचे. स्वच्छतेच्या तिने पाच पायऱ्या ठरविल्या. पहिली निष्कलंक टापटिपीची, पाचवी निव्वळ हेळसांडीची. झाडणारे हात कमी केल्यास इमारत कोणत्या पायरीवर उतरेल, हे त्यामुळे आधीच सांगता येते. दुरुस्तीचेही तसेच. थकलेल्या दुरुस्तीचा खर्च इमारत नव्याने उभारण्याच्या खर्चाने भागतात. १० कोटींच्या इमारतीची १ कोटीची दुरुस्ती थकली असेल, तर उत्तर एक-दशांश येते. त्यापुढे गेलेल्या इमारतीची अवस्था सामान्यतः वाईट समजतात. 'छप्पर गळते' ही तक्रार झाली. हा आकडा म्हणजे हिशेब होय. तक्रार ऐकून घेतली जाते. हिशेब मांडणाऱ्यास मात्र अंदाजपत्रकाच्या बैठकीस बोलावणे येते.

दुसरे फळ शिक्षणाचे. प्रशासन, देखभाल, ऊर्जा आणि नियोजन-बांधकाम या चार शाखांचे वर्ग ही संस्था चालविते, परीक्षा घेऊन प्रमाणपत्रेही देते. केवळ विजेचे काम जाणणाऱ्यास सबंध आवाराचा विचार करण्याची दृष्टी येते. तिसरे फळ परिचयाचे. संस्थेचे सहा प्रादेशिक विभाग आहेत. तेथील एखाद्या समितीचे काम चोख करणारा मनुष्य आपल्या विद्यापीठाच्या कुंपणाबाहेरही ओळखला जातो.

आपली ज्ञातिसंस्था शिकणाऱ्या मुलाच्या पाठीवर हात ठेवते. तो हात मोलाचाच आहे. परंतु तो नोकरीच्या दारापर्यंत पोहोचतो. ज्ञातीचे सभासदत्व जन्माने लाभते, व्यवसायबंधुत्व कामाने मिळवावे लागते. आणि तेथे जात विचारली जाऊ नये, हेच इष्ट. 'नोकरी लागली, आता स्वस्थ बैस' असा उपदेश वडीलधाऱ्यांनी करू नये, ही आमची नम्र विनंती. तरुणांनी आपल्या व्यवसायाची संघटना शोधावी. जवळपास ती नसल्यास चार विद्यापीठांच्या अधीक्षकांनी आपापल्या वह्या घेऊन एकत्र बसावे. १९१४ साली आरंभ असाच, एकत्र बसण्यानेच झाला.