टीपॉयवरचे ऋतू

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज ज्या वस्तूबद्दल बोलायचं आहे, ती तुमच्यापैकी बहुतेकांच्या समोरच असेल. दिवाणखान्यातला टीपॉय. नावात 'टी' ऐकू येतो म्हणून त्याचा चहाशी संबंध असावा, असं आपल्याला वाटतं. पण मूळ शब्द 'तिपाई', म्हणजे तीन पायांची. इंग्रजांनी तो इथूनच उचलला, त्याचा 'टीपॉय' केला आणि चार पायांवर उभा करून आपल्याला परत दिला!

आता या टीपॉयवर काय काय असतं ते आठवा. कालचं वर्तमानपत्र, टीव्हीचा रिमोट, विजेचं बिल, रक्तदाबाच्या गोळ्या, मोबाइलचा चार्जर. आणि मधोमध प्लॅस्टिकच्या गुलाबांची फुलदाणी. हे गुलाब जूनमध्ये जसे, तसेच जानेवारीत. फरक पडतो तो त्यांच्यावरच्या धुळीत.

ऋतूप्रमाणे घर सजवायचं म्हटलं की अनेकांना ती मासिकांतून आलेली, खर्चिक हौस वाटते. खरं तर आपल्याकडे ही पद्धत फार जुनी आहे. पाडव्याच्या गुढीला कडुनिंबाची डहाळी. चैत्रगौरीच्या आराशीत कातरलेलं कलिंगड, कैरीची डाळ, पन्हं. भाद्रपदात तेरड्याची गौर. दसऱ्याच्या तोरणात झेंडूबरोबर भाताच्या लोंब्या. संक्रांतीच्या सुगडात ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे. त्या त्या वेळी शेतात आणि रानात जे तयार होतं, तीच सजावट. अंगण गेलं, ओसरी गेली, कोनाडे गेले. राहिली ती टीपॉयवरची हातभर जागा. तीही पुष्कळ झाली.

मी दोनच नियम पाळते. पहिला, जे मांडायचं ते एका तबकात मांडायचं. पितळी परात, वेताची परडी, छोटं सूप, काहीही चालेल. पाहुणे आले की तबक उचललं, चहाचे कप ठेवले. दुसरा नियम, मांडलेली वस्तू ऋतूबरोबर गेली पाहिजे. ती खाल्ली जावी, वापरली जावी किंवा शेवटी कुंडीतल्या मातीत जावी. माळ्यावर जपून ठेवायचं काही त्यात नसावं. म्हणजे खर्चही होत नाही आणि अडगळही होत नाही.

पंचांगात ऋतू सहा असले, तरी अंगाला जाणवतात ते तीन.

उन्हाळ्याची सुरुवात झाडाखालूनच करावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावरीची जाड, लाल फुलं आख्खीच्या आख्खी खाली पडतात. पळसाखाली केशरी सडा असतो. तोडायची गरजच नाही, चार फुलं वेचून आणावीत. पुढे ऊन तापलं की टीपॉयवर रंग कमी करावेत. पांढरं सुती कापड, मातीचं भांडं, त्यात पाणी आणि वाळ्याची जुडी. संध्याकाळी काचेच्या वाडग्यात मोगऱ्याच्या कळ्या सोडाव्यात. रात्री त्या उमलतात आणि खोलीभर वास पसरतो. पानांसकट दोन कैऱ्या ठेवल्या तरी शोभा येते, आणि दुसऱ्या दिवशी पन्हं होतं.

पावसाळ्यात कापड काढून टाकावं. ते दमट होतं, त्याला कुबट वास येतो. आता हिरव्याचे दिवस. तांब्यात अळूची दोन-तीन मोठी पानं उभी करा आणि वरून चमचाभर पाणी टाका. थेंब पाऱ्यासारखे घरंगळतात, पान कोरडंच राहतं. मुलं अर्धा तास हा खेळ सोडत नाहीत. सकाळी शोभेला आणि संध्याकाळी अळूवडीला, असा हा दुहेरी फायदा.

मी हे सगळं मनावर घेतलं ते सासूबाईंमुळे. शेवटची तीन वर्षं त्यांना गुडघ्यांमुळे खाली उतरता येत नव्हतं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. खिडकीतून दिसायची ती समोरच्या इमारतीची भिंत. वय ऐंशीच्या पुढे गेलेलं, वार आणि महिने एकमेकांत मिसळू लागले होते. ऐन वैशाखात विचारायच्या, "दिवाळी झाली का गं?" कॅलेंडर पुढे धरलं की तारीख वाचायच्या, पण त्या आकड्यातून त्यांना काही उमगत नसे. मग कासावीस व्हायच्या.

एका भाद्रपदात मी बाजारातून तेरड्याची जुडी आणली आणि तांब्यात घालून त्यांच्यासमोर टीपॉयवर ठेवली. त्यांनी पाकळ्यांना हात लावला आणि म्हणाल्या, "अगं, तेरडा! म्हणजे गौरी आल्या की. पाणवठ्यावर कोण जाणार आणायला?"

मी म्हटलं, "आई, तुमच्याकडे कोण जायचं?"

मग माहेरचा पाणवठा, बरोबरच्या मुली, भाजी-भाकरीचा नैवेद्य, सगळं एकामागून एक आलं. कुठे अडखळल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांच्यासमोर त्या त्या दिवसातलं काहीतरी ठेवायचंच, असं मी ठरवलं. त्यांचं विसरणं थांबलं नाही, तसा माझा दावाही नाही. वार शेवटपर्यंत चुकत राहिले. पण सकाळी उठून टीपॉयकडे बघायच्या आणि "बोरं आली, थंडी पडली," असं आपल्या आपण म्हणायच्या. कासावीस होणं कमी झालं. जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्यापर्यंत बाहेरचं जग आपणच आणून पोचवावं लागतं, हे मला तेव्हा कळलं.

याच दिवसांत काही काळजीही घ्यायला हवी. पाण्यात तरंगणारी फुलं आणि दिवे असलेली उरळी हल्ली अनेक घरांत दिसते. छान दिसते, पण डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून पाणी एक-दोन दिवसांआड बदलावं आणि भांड्याची आतली बाजू घासून काढावी, कारण अंडी काठाला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात.

दुसरं, टीपॉयची उंची असते जेमतेम दीड फूट, म्हणजे रांगत्या बाळाच्या हाताशी. पावसाळ्यात फुलणारी लाल-पिवळी कळलावी दिसायला देखणी, पण विषारी. लालचुटूक गुंजा आणि कण्हेरही तशीच. घरात लहान मूल असेल तर यांना टीपॉयवर जागा नाही.

आणि तिसरं, रानातून काही ओरबाडून आणू नये. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, तिच्या बिया पडल्या तरच पुढची पिढी उगवते. कासच्या पठारावरची फुलं पठारावरच बघावीत. दसऱ्याला आपट्याच्या फांद्यांचे ढीग येतात, आणि त्यातही पुष्कळदा आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं असतात. एक पान पुरे. त्याऐवजी झेंडू भरपूर वापरावा. तो मूळचा अमेरिका खंडातला, पण आता आपला दसरा त्याच्यावाचून होत नाही. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे पडतात आणि झाडही तुटत नाही.

दिवाळीत टीपॉयवर पणती ठेवलीत तर तबकात ठेवा, पडद्यापासून दूर.

हिवाळा हा माझ्या मते टीपॉयचा सगळ्यात श्रीमंत ऋतू. शेवंती, निशिगंध तर असतातच, पण फुलांपेक्षा खाण्याच्याच वस्तू अधिक सुंदर दिसतात. काचेच्या वाडग्यात आवळे. परडीत बोरं आणि पेरू. तांब्यात ज्वारीची दोन-चार कणसं. संक्रांतीला पितळी डब्यात तिळगूळ. आणि मला सगळ्यात आवडणारी सजावट म्हणजे परातभर मटाराच्या शेंगा. आलेला माणूस सोफ्यावर बसतो, नकळत हात पुढे करतो आणि सोलायला लागतो. हात गुंतले की मोबाइल बाजूला पडतो आणि गप्पा सुरू होतात. आमच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने त्याच्या मनातल्या दोन-तीन गोष्टी मला पहिल्यांदा सांगितल्या, त्या मटार सोलतानाच.

सजावट कुठून सुरू करायची, असं कुणी विचारलं तर मी सांगते, आधी टीपॉय पूर्ण रिकामा करा. ओल्या फडक्याने पुसा. मग भाजी आणायला जाल तेव्हा मंडईतल्या मावशींना विचारा, "मावशी, नवीन काय आलंय?" त्या जे दाखवतील त्यातलं मूठभर जास्त घ्या. निम्मं स्वयंपाकघरात जाऊ द्या आणि निम्मं दोन दिवस टीपॉयवर ठेवा. घरातल्या प्रत्येकाला ते एकदा तरी हातात घेऊन बघू द्या.