साधनाताई आमटे : एका शुश्रूषेचें स्मरण

(महोत्सवाच्या सायंसभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं पहिल्या धर्मगुरूंचीं, देणगीदारांचीं, चर्च बांधणारांचीं नांवें आदरानें घेतलीं जातात, आणि तीं घेतलींच पाहिजेत. पण ज्या हातांनीं आजाऱ्यांचीं अंथरुणें धुतलीं, ते हात कोणत्याही कोनशिलेवर आढळत नाहींत. म्हणून शुश्रूषेंत जन्म घालविलेल्या एका आजीविषयीं आज आम्ही बोलणार आहों. त्या आपल्या धर्माच्या नव्हत्या, आणि मरणोत्तर त्यांस आपल्यांत ओढून घेण्याचा आमचा हेतुही नाहीं. पण त्या आपल्या शेजारीण होत्या. झरी जामणीहून वणीस जावें, पुढें वर्धा नदी ओलांडावी, कीं वरोरा येतें. तेथेंच आनंदवन आहे.

नागपुरच्या कर्मठ घुले घराण्यांतील ही मुलगी. माहेरचें नांव इंदु. लग्नघराच्या गडबडींतून हळूच निघून जाऊन एका वृद्ध मोलकरणीस ती कामांत मदत करीत होती, तें मुरलीधर देवीदास आमटे या तरुण वकिलांनीं पाहिलें आणि तेथेंच त्यांचा निश्चय झाला. १९४६ सालीं विवाह झाला व इंदूची साधना झाली. पुढें एका पावसांत गटाराकांठीं पडलेला तुळशीराम नांवाचा कुष्ठरोगी पाहून बाबा भिऊन पळाले. आपण पळालों, हें बाबांनीं कधीं लपविलें नाहीं. त्या भीतीचाच पाठलाग करीत ते कलकत्त्यास जाऊन या रोगाचें शिक्षण घेऊन आले. १९५१ सालीं वरोऱ्याबाहेरच्या खडकाळ माळावर संसार मांडला गेला, तेव्हां जवळ ६ रोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि १४ रुपये होते. विकास व प्रकाश हे दोघे मुलगे शाळेच्याही वयाचे नव्हते. येथें बसलेल्या मातांनीं एवढ्याच गोष्टीचा क्षणभर विचार करावा.

त्या काळीं गंधकयुक्त सल्फोन औषधें नुकतींच आलीं होतीं, आणि स्पर्श झाला कीं रोग जडतो असें सुशिक्षितही मानीत. आज आपणांस ठाऊक आहे कीं, हान्सेन यांनीं १८७३ सालीं शोधलेल्या या जंतूला बहुतेक माणसांचें शरीर स्वभावतःच दाद देत नाहीं. आणि १९८१ पासून सुरू झालेल्या बहुविध औषधोपचारानें रोगी सहा महिन्यांत किंवा वर्षांत बरा होतो. पण बधिर झालेला पाय औषधानें पुन्हां जागा होतोच असें नाहीं. कांटा रुतला तरी कळत नाहीं; जखम चिघळते, हाड सडतें. तो पाय रोज पाहावा, धुवावा, कोरडा करावा, पट्टी बांधावी लागते. हें काम गोळी करीत नाहीं. त्याला माणूस लागतें.

बंधुभगिनींनो, येथें आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. नवे धर्मगुरू असतां आम्ही याच भागांतील एका पोडावर अशा एका रुग्णाच्या झोंपडींत गेलों होतों. दिवस वैशाखाचे. त्याच्या बायकोनें पाण्याचा तांब्या पुढें केला. "तहान नाहीं," असें आम्हीं सांगितलें. घसा कोरडा पडला होता! मोलोकाई बेटावर याच रोग्यांत राहून १८८९ सालीं याच रोगानें देह ठेवणाऱ्या फादर डेमियनांचें चरित्र सेमिनरींत आम्हीं पाठ केलें होतें. त्याच सकाळीं प्रभूनें कुष्ठरोग्यास केलेल्या स्पर्शावर प्रवचनही दिलें होतें. २००९ सालीं डेमियन संतपदास चढले, तेव्हां आनंदाच्या मिस्सेंतही तो तांब्याच आमच्या डोळ्यांपुढें उभा राहिला.

साधनाताईंजवळ परिचारिकेचें प्रमाणपत्र नव्हतें. औषधोपचार बाबांकडे, चूल, गोठा, मुलें आणि दुखणाइतांचें हवें-नको ताईंकडे. आनंदवनाचें दूध व भाजी वरोऱ्याचे लोक प्रारंभीं घेत नसत. ज्या दुधावर आपलीं मुलें वाढत होतीं, तें जगाला विटाळाचें वाटे. पुढें बाबांच्या पाठीच्या कण्यास विकार जडला. त्यांस बसतां येईना. उभें राहावें किंवा आडवें व्हावें, तिसरा मार्ग नव्हता. ही शुश्रूषा एका महिन्याची नव्हे, कित्येक वर्षांची. १९८५ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें तें बाबांस, आणि तें योग्यच झालें. आत्मचरित्रास ताईंनीं 'समिधा' हें नांव दिलें. नांव सुंदर आहे खरें, पण आम्हांस तें पुरतें पटत नाहीं. समिधा अग्नींत पडली कीं संपते. ताई साठ वर्षें पुरल्या.

आजी झाल्यावर तरी नातवंडांत विसावा घ्यावा, तर १९९० सालीं बाबा नर्मदेच्या कांठीं कसरावदला राहावयास निघाले, आणि उतारवयांत ताईंनीं तेथें पुन्हां चूल मांडली. भरलें घर, उभें केलेलें आनंदवन मागें राहिलें. कोणी याला पतिनिष्ठा म्हणेल; आम्हांस तें शब्द अपुरा वाटतो, कारण बाबा जेथें जात तेथें माणसें जमत, आणि त्या सर्वांच्या पोटाची काळजी ताईंनाच. २००८ सालीं बाबा गेले. ९ जुलै २०११ रोजीं ताई गेल्या. नातू दिगंत व अनिकेत हेमलकशास माडिया लोकांत काम करीत आहेत. दिगंत डॉक्टर आहेत.

गेल्या वर्षीं आम्ही त्या पोडावर पुन्हां गेलों. तो रुग्ण आतां हयात नाहीं. शेवटपर्यंत त्याचे पाय बायकोनेंच धुतले, असें शेजाऱ्यांनीं सांगितलें. ती आतां आजी झाली आहे. तिनें आम्हांस ओळखलें नाहीं; कपाशीला यंदा काय भाव निघेल, एवढेंच विचारलें. नातीनें तांब्या आणून दिला. आम्ही पाणी प्यालों, आणि आणखी मागितलें.