दरवेश्याचं अस्वल

आमच्या सोनईत बाजाराच्या दिवशी दरवेशी यायचा. डमरू ऐकला की आम्ही पोरं हातातला ऊस टाकून धावायचो. अस्वल दोन पायांवर उभं राहून डुलायचं, आम्ही टाळ्या पिटायचो. मी झोपेत दचकतो म्हणून दादीमाँनं चार आणे देऊन त्याचा केस माझ्या ताईतात घातला.

तो नाच नव्हता, हे पुष्कळ वर्षांनी वाचलं. पिल्लाचं नाकाड तापल्या सळईनं टोचून त्यात दोर ओवत. हिसका बसला की कळ जाई आणि ते उठे. १९९८ मध्ये सरकारनं या खेळांवर बंदी आणली. पुढं आग्र्याजवळ कीठमला निवारा झाला, सहाशेहून अधिक अस्वलं सोडवली गेली. त्यांच्या मालकांनाही रिक्षा, दुकान यांसाठी मदत मिळाली. नाही तर त्यांनी खायचं काय? तिकडं त्यांना कलंदर म्हणतात. सूफी कवितेत दरवेश काय, कलंदर काय, कशातच न अडकलेला माणूस. आपण तो शब्द दोराच्या टोकाला बांधला!

परवा मुलीनं ब्रेंटचं चित्र दाखवलं. प्रयोगशाळेतून सुटून अमेरिकेतल्या लुइझियानातल्या आश्रयस्थानात आलेला हा चिंपँझी जिभेनं रंगवायचा. २०१३ मध्ये चिंपँझींच्या चित्रस्पर्धेत तो पहिला आला. रंगांचे नुसते फराटे, पण मागून कुणी दोर ओढत नव्हतं.

दादीमाँचा ताईत अजून माझ्या पेटीत आहे. ठेववत नाही, टाकवतही नाही.