मिश्र अध्यापन आणि विद्यार्थ्यांचा कौल



मार्च २०२० मध्ये विद्यापीठांचे वर्ग बंद पडले, तेव्हा पडद्यावरचे शिक्षण विद्यार्थ्यांनी निरुपायाने पत्करले. त्याला आम्ही स्वीकार म्हणत नाही. पुढे मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन, उरलेला वर्गात, असा मसुदा मांडला. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये दोन कसोट्या सांगितल्या : नवे साधन उपयुक्त व सोपे वाटले, तरच माणूस ते आपलेसे करतो. न समजलेले व्याख्यान पुन्हा ऐकता येते, हा उपयोग खराच. पण घरात मोबाइल एक आणि शिकणारी भावंडे तीन, तेथे सोपेपणा कोठला? अशा विद्यार्थ्याचा नकार नावडीचा नसून ऐपतीचा असतो. म्हणून आधी ग्रंथालयात संगणक व इंटरनेट पुरवावे. मगच विद्यार्थ्यांचा कौल घ्यावा.