धुराचाही हिशेब मागा
(किनवट येथील बैठकीतील भाषण)



एस.टी.ने १ जून २०२२ रोजी पुणे-नगर मार्गावर विजेवरची 'शिवाई' सोडली. २०२३ मध्ये अशा ५,१५० बस भाड्याने घ्यायचं ठरलं. चांगलंच झालं. पण कापसाचा उत्पादनखर्च काढतो, तसा धुराचाही काढा. लिटरभर डिझेल जळालं की अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. विजेच्या बसचा धूर दिसत नाही. तो परळी-चंद्रपूरच्या कोळशाच्या धुराड्यातून निघतो. म्हणून विचारा : डिझेल किती घटलं? वीज कशाची? खेड्याची फेरी बंद करून डिझेल वाचवलं, तर माणसं काळी-पिवळीनं जातील. धूर राहील, फक्त एस.टी.च्या वहीत दिसणार नाही. फेरी राखून धूर घटला, तरच वचन खरं. पाऊसपाणी बिघडलं की आधी कोरडवाहू पीकच जातं.